सामायिक जाळे आणि मक्तेदारीचा प्रश्न : मेक्सिकोतील 'रेद कोंपार्तिदा' प्रयोगाची चिकित्सा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांपर्यंत दूरसंचार हे क्षेत्र जगातील बहुतेक देशांत सरकारी मक्तेदारीचे होते. खाजगीकरण झाले की स्पर्धा येईल, स्पर्धा आली की दर उतरतील आणि दर उतरले की सेवा सर्वांपर्यंत पोहोचेल, अशी साखळी त्या काळातील आर्थिक सुधारणांच्या समर्थकांनी मांडली होती. प्रत्यक्षात अनेक देशांत या साखळीचा पहिलाच दुवा निखळला. सरकारी मक्तेदारीच्या जागी खाजगी मक्तेदारी आली आणि ग्राहक होता तेथेच राहिला. मेक्सिको हे याचे ठळक उदाहरण होय.

या मक्तेदारीवर उपाय म्हणून मेक्सिकोने २०१३ साली थेट राज्यघटनेत दुरुस्ती केली. या दुरुस्तीने एका सामायिक, घाऊक आणि सर्वांना खुल्या असलेल्या बिनतारी जाळ्याची निर्मिती बंधनकारक केली. 'रेद कोंपार्तिदा' म्हणजे सामायिक जाळे, या नावाने ओळखला जाणारा हा प्रकल्प केंद्रित झालेली दूरसंचार बाजारपेठ खुली करण्याच्या प्रयत्नांतील सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयोग मानला गेला. प्रस्तुत लेखात या प्रयोगाची चिकित्सा केली आहे. जाळे खुले केले की बाजारपेठ आपोआप खुली होते, या प्रयोगामागील गृहीतकाची मर्यादा दाखविणे हा लेखाचा मुख्य हेतू आहे.

मक्तेदारीची पार्श्वभूमी

मेक्सिकोची सरकारी दूरध्वनी कंपनी टेलमेक्स डिसेंबर १९९० मध्ये खाजगी हातांत गेली. कार्लोस स्लिम यांच्या कार्सो उद्योगसमूहाने अमेरिकेतील साउथवेस्टर्न बेल आणि फ्रान्स टेलिकॉम यांच्या साथीने तिचे नियंत्रण मिळविले. पुढे २००० साली मोबाइल व्यवसाय वेगळा काढून अमेरिका मोविल ही कंपनी स्थापन झाली. तिची मेक्सिकोतील मोबाइल सेवा टेलसेल या नावाने चालते.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने जानेवारी २०१२ मध्ये मेक्सिकोच्या दूरसंचार धोरणाविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार तारेच्या दूरध्वनीत सुमारे ८० टक्के आणि मोबाइलमध्ये सुमारे ७० टक्के वाटा एकाच उद्योगसमूहाकडे होता. स्पर्धेच्या अभावामुळे २००५ ते २००९ या पाच वर्षांत मेक्सिकोच्या अर्थव्यवस्थेचे १२९.२ अब्ज डॉलरचे, म्हणजे दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सरासरी १.८ टक्के इतके नुकसान झाले, असा अंदाज त्यात वर्तविला होता. या आकड्यांच्या मोजमापाच्या पद्धतीवर त्या समूहाने आक्षेप घेतले. तथापि अहवालाने नोंदविलेली दुसरी बाब अधिक महत्त्वाची होती. नियामक संस्थेच्या आदेशांना न्यायालयातून स्थगिती मिळवून ते वर्षानुवर्षे निष्प्रभ ठेवण्याची प्रथाच त्या देशात पडली होती. नियम नव्हते असे नाही. ते लागू होत नव्हते.

घटनादुरुस्ती : दोन साधने

राष्ट्राध्यक्ष एनरिके पेन्या निएतो यांनी १ डिसेंबर २०१२ रोजी सूत्रे हाती घेतली आणि दुसऱ्याच दिवशी प्रमुख राजकीय पक्षांनी 'मेक्सिकोसाठी करार' या सहमतीच्या कार्यक्रमावर स्वाक्षऱ्या केल्या. त्यातूनच जून २०१३ मधील दूरसंचारविषयक घटनादुरुस्ती आकारास आली. या दुरुस्तीने मक्तेदारीशी लढण्यासाठी दोन वेगवेगळी साधने निर्माण केली. पुढील विवेचनासाठी या दोहोंतील भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पहिले साधन विषम नियमनाचे. दुरुस्तीने संघीय दूरसंचार संस्था ही स्वायत्त नियामक संस्था स्थापन केली आणि तिच्या आदेशांना खटला चालू असताना स्थगिती देता येणार नाही, अशी तरतूद केली. क्षेत्रातील निम्म्याहून अधिक वाटा असलेल्या कंपनीस 'प्रबळ घटक' ठरवून तिच्यावर इतरांहून कडक बंधने घालण्याचा अधिकार या संस्थेस मिळाला. मार्च २०१४ मध्ये अमेरिका मोविल समूहास दूरसंचारातील प्रबळ घटक घोषित करण्यात आले. त्याच वर्षीच्या कायद्याने प्रतिस्पर्ध्यांच्या ग्राहकांकडून आपल्या जाळ्यात येणाऱ्या कॉलसाठी शुल्क आकारण्यास या समूहास मनाई केली. १ जानेवारी २०१५ पासून देशांतर्गत दूर अंतराच्या कॉलचे वेगळे दरही संपुष्टात आले.

दुसरे साधन सामायिक जाळ्याचे. दूरचित्रवाणीचे प्रसारण डिजिटल झाल्यावर मोकळ्या होणाऱ्या ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील ९० मेगाहर्ट्झ इतका स्पेक्ट्रम, म्हणजे व्यवहारात हा सगळा पट्टाच, एका घाऊक जाळ्यासाठी राखून ठेवण्यात आला. या पट्ट्यातील लहरी दूरवर जातात, भिंती भेदतात आणि त्यामुळे कमी मनोऱ्यांत मोठा प्रदेश व्यापता येतो. ग्रामीण सेवेसाठी याहून सोयीचा पट्टा विरळाच. या जाळ्याच्या चालकाने सामान्य ग्राहकास थेट सेवा विकू नये, जो सेवादाता मागेल त्यास समान अटींवर क्षमता उपलब्ध करून द्यावी आणि कोणत्याही विद्यमान दूरसंचार कंपनीचा त्याच्या कारभारावर प्रभाव नसावा, अशा अटी होत्या.

सामायिक जाळ्यामागील तर्क

या संकल्पनेमागील तर्क अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. मनोरे, तंतू आणि स्पेक्ट्रम यांवरील गुंतवणूक प्रचंड असते आणि एकदा ती झाली की पुढील प्रत्येक ग्राहकाचा वाढीव खर्च अल्प असतो. अशा स्थितीत चार कंपन्यांनी एकाच डोंगरावर चार मनोरे उभारणे हा अपव्यय ठरतो. रस्ता एकच असावा आणि त्यावरून अनेकांच्या गाड्या धावाव्यात, हे तत्त्व येथे लागू करता येते. नव्या सेवादात्यास मनोरे उभारावे लागणार नाहीत; तो क्षमता घाऊक विकत घेईल आणि आपल्या नावाने किरकोळ विकेल. अशा सेवादात्यांना आभासी मोबाइल सेवादाते म्हटले जाते.

या तर्कास विरोधही झाला. मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमए हिने २०१४ साली फ्रंटियर इकॉनॉमिक्स या संस्थेकडून एक अभ्यास करवून घेतला. एकच घाऊक जाळे असण्यापेक्षा जाळ्या-जाळ्यांतील स्पर्धेमुळे सेवेचा विस्तार आणि तंत्रज्ञानाचा स्वीकार वेगाने होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. हा अभ्यास ज्यांनी करवून घेतला त्यांचे हितसंबंध उघड आहेत. परंतु केवळ तेवढ्यामुळे त्यातील आक्षेप निकालात काढणे शास्त्रीय वृत्तीस धरून होणार नाही. प्रश्न पुढे काय घडले हा आहे.

प्रयोगाची वाटचाल

प्रकल्पाच्या निविदेसाठी दोन गट पुढे आले. त्यांपैकी रिवादा हा गट हमीची रक्कम सादर न केल्यामुळे अपात्र ठरला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये आल्तान या गटास काम मिळाले. म्हणजे स्पर्धा वाढविण्यासाठी योजलेल्या प्रकल्पाच्या निविदेतच अखेरीस स्पर्धा उरली नाही. आल्तानमध्ये मॉर्गन स्टॅन्लेचा पायाभूत सुविधा निधी, जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ, कॅनडातील क्वेबेक प्रांताचा निवृत्तिवेतन निधी असे गुंतवणूकदार होते आणि मेक्सिकोच्या सरकारी विकास बँकांनी कर्जे दिली होती. प्रकल्पाची एकूण गुंतवणूक सात अब्ज डॉलरच्या घरात सांगितली गेली. लोकसंख्येच्या किमान ८५ टक्के भागापर्यंत पोहोचण्याची अट असताना आल्तानने ९२.२ टक्क्यांचे आश्वासन दिले.

२१ मार्च २०१८ रोजी जाळे सुरू झाले. ३० टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचण्याचा पहिला टप्पा वेळेत पूर्ण झाला. त्यानंतर मात्र अडचणी वाढत गेल्या. जाळे पसरत होते. त्यावरील रहदारी अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हती. जुलै २०२१ मध्ये कंपनीने कर्जफेडीतील असमर्थतेमुळे न्यायालयीन संरक्षण मागितले. जून २०२२ मध्ये सरकारने सुमारे ३८.८ कोटी डॉलरची बचाव योजना जाहीर केली आणि तीनुसार आल्तानमधील बहुसंख्य, ६१.९ टक्के, भांडवल सरकारकडे आले. खाजगी मक्तेदारी मोडण्यासाठी खाजगी भांडवलाने उभारलेले जाळे चार वर्षांतच सरकारी मालकीचे झाले.

चिकित्सा

प्रकल्पाच्या या गतीस महामारीचा काळ, चलनातील चढउतार अशी तात्कालिक कारणे सांगितली जातात. ती खोटी नाहीत. तथापि अपयशाची मुळे प्रकल्पाच्या रचनेतच होती, असे पुढील चार मुद्द्यांवरून दिसते.

पहिला मुद्दा निदानाचा. मनोऱ्यांवरील भांडवली खर्च हाच नव्या स्पर्धकापुढील मुख्य अडसर आहे, असे या प्रकल्पाने गृहीत धरले. प्रत्यक्षात प्रबळ कंपनीची ताकद मनोऱ्यांइतकीच तिच्या विक्रीव्यवस्थेत असते. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे रिचार्ज, हप्त्यावर मिळणारे हँडसेट, वर्षानुवर्षे वापरात असलेला क्रमांक आणि नातेवाइकांचे त्याच जाळ्यात असणे, यांतून ही ताकद घडते. घाऊक जाळ्याने पहिला अडसर दूर केला. दुसरा जसाच्या तसा राहिला. याचा पुरावा आल्तानच्या यशातूनच मिळतो. तिच्या जाळ्यावरील सर्वांत यशस्वी सेवादाता 'बाइट' ही वॉलमार्टच्या मेक्सिकोतील कंपनीची सेवा आहे. हे नावच बोदेगा आउरेरा या तिच्या स्वस्त दुकानांच्या साखळीवरून आले आहे. वाणसामान घेताना सिमकार्ड घ्यावे आणि खरेदीवर इंटरनेटचा काही वाटा मिळवावा, अशी ही योजना. देशभर दुकाने आणि रोजची गिऱ्हाइके ज्याच्याकडे आधीपासूनच होती, तोच या खुल्या दारातून आत येऊ शकला. छोट्या, नव्या उद्योजकांसाठी उघडलेले दार एका बलाढ्य किरकोळ विक्रेत्याच्या उपयोगी पडले.

दुसरा मुद्दा मागणीचा. घाऊक विक्रेत्यास घाऊक गिऱ्हाईक लागते. स्वतःचे जाळे असलेली कंपनी आपली रहदारी दुसऱ्याच्या जाळ्यावर स्वखुशीने नेत नाही. टेलसेलला त्याची गरज नव्हती. एटी अँड टी कंपनीने २०१५ साली मेक्सिकोतील दोन कंपन्या विकत घेऊन स्वतःचे जाळे उभारण्याचा मार्ग पत्करला होता. तेलेफोनिका या कंपनीने २०१९ साली स्वतःचे जाळे सोडून आपला स्पेक्ट्रम परत करण्याचा निर्णय घेतला. सामायिक जाळ्यासाठी याहून मोठी संधी येणे कठीण होते. पण तेलेफोनिकाने आपल्या ग्राहकांसाठी एटी अँड टीच्या जाळ्याची निवड केली. आल्तानचे जाळे केवळ चौथ्या पिढीचे होते आणि त्यास ७०० मेगाहर्ट्झ पट्टा पकडणारा हँडसेट आवश्यक होता. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे जुने फोन त्यावर चालत नव्हते. ज्या गरीब व ग्रामीण ग्राहकासाठी हे जाळे उभारले, जुना फोन बहुधा त्याच्याच हातात होता. आकडेवारीत 'व्याप्ती' वाढत असताना वापर का वाढत नव्हता, याचे एक उत्तर येथे मिळते.

तिसरा मुद्दा उद्दिष्टांच्या सरमिसळीचा. प्रकल्पाकडून दोन अपेक्षा होत्या : स्पर्धा वाढविणे आणि दुर्गम भागात सेवा नेणे. दोन्ही उद्दिष्टे योग्य असली तरी त्यांचे अर्थकारण परस्परविरोधी आहे. स्पर्धा शहरात होते, कारण पैसा तेथे आहे. व्याप्ती खेड्यात वाढवावी लागते, जेथे पैसा नाही. शहरात आल्तानला तीन सुस्थापित जाळ्यांशी झुंजावे लागले आणि खेड्यात खर्च भरून निघाला नाही. सार्वजनिक सेवेचे कर्तव्य व्यापारी कराराच्या माथी मारले की कर्तव्य आणि व्यापार दोन्ही अडचणीत येतात. शिवाय सर्वांत सोयीचा पट्टा एकाच जाळ्याकडे गेल्याने दुय्यम स्पर्धकांना तो मिळू शकला नाही. टेलसेलशी ग्रामीण भागात लढण्यासाठी त्यांनाच त्याची अधिक गरज होती.

चौथा मुद्दा काळाचा असून तो सर्वांत निर्णायक आहे. मेक्सिकोतील मोबाइल दर खरोखरच उतरले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१७ मधील दुसऱ्या अहवालाने २०१२ नंतर मोबाइल इंटरनेटच्या जोडण्यांत सुमारे पाच कोटींची भर पडल्याचे आणि दरांत मोठी घट झाल्याचे नोंदविले. सामायिक जाळे सुरू झाले मार्च २०१८ मध्ये. म्हणजे दरांतील ही मोठी घट या जाळ्यावरून एकही कॉल जाण्यापूर्वीच झाली होती. तिचे श्रेय मुख्यतः पहिल्या साधनाकडे, विषम नियमनाकडे, आणि त्यामुळे आकृष्ट झालेल्या नव्या गुंतवणुकीकडे जाते. येथे एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे. कॉलवरील शुल्कबंदी कायद्याने नव्हे तर नियामक संस्थेने ठरवावयास हवी होती, असा निर्णय मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला आणि २०१८ पासून हे शुल्क पुन्हा, कमी दराने का होईना, लागू झाले. टेलसेलकडे आजही निम्म्याहून अधिक मोबाइल जोडण्या आहेत. विषम नियमनानेही मक्तेदारी संपविली नाही. तिची किंमत मात्र कमी केली.

दुसरी बाजू

एवढ्यावरून सामायिक जाळे पूर्णतः निष्फळ ठरले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. आभासी सेवादात्यांचा वाटा २०१८ पूर्वी नगण्य होता. तो पुढे मोबाइल जोडण्यांच्या दहा टक्क्यांवर गेला आणि त्यात आल्तानच्या जाळ्याचा मोठा हात आहे. बाजारात तीन कंपन्या असताना कमी पैशांच्या ग्राहकासाठी चौथा पर्याय उपलब्ध झाला. जेथे कोणतीही खाजगी कंपनी गेली नसती, अशा काही वस्त्यांपर्यंत सेवा पोहोचली. वीज मंडळाच्या अखत्यारीत २०१९ साली स्थापन झालेली 'सर्वांसाठी इंटरनेट' ही सरकारी कंपनीही या जाळ्याचा उपयोग करते. ही फलनिष्पत्ती खरी आहे. मात्र ती मक्तेदारीविरुद्धच्या हत्याराची नसून सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सार्वजनिक सेवेची आहे. तिचे मूल्यमापन त्याच निकषांवर व्हावयास हवे.

अन्य देशांचा अनुभव याच दिशेने जातो. रवांडाच्या सरकारने कोरियातील केटी कंपनीच्या भागीदारीत २०१४ साली चौथ्या पिढीचे घाऊक जाळे सुरू केले आणि त्यास दीर्घ मुदतीचा एकाधिकार दिला. जवळजवळ संपूर्ण लोकसंख्येपर्यंत जाळे पोहोचले, पण वापर अल्प राहिला. २०२२ साली सरकारने एकाधिकार संपविला आणि २०२३ मध्ये इतर कंपन्यांना स्वतःचे जाळे उभारण्याची मुभा मिळाली. दक्षिण आफ्रिकेने २०१६ च्या श्वेतपत्रिकेत अशाच घाऊक जाळ्याची घोषणा केली. परंतु मार्च २०२२ मध्ये स्पेक्ट्रमचा लिलाव विद्यमान कंपन्यांमध्येच झाला आणि ते जाळे कागदावरच राहिले.

भारतीय संदर्भ

भारताने या बाबतीत वेगळा मार्ग चोखाळला, तरी तो जवळपास त्याच मुक्कामाशी आला आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, तेव्हा येथे डझनभर कंपन्या होत्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने सेवा सुरू केल्यानंतर दर उतरले आणि कंपन्याही घटल्या. आज सुमारे तीन-चतुर्थांश मोबाइल जोडण्या दोन कंपन्यांकडे आहेत. तिसऱ्या कंपनीची थकबाकी भागभांडवलात बदलून केंद्र सरकार तिचे सर्वांत मोठे भागधारक बनले आहे. मेक्सिकोने ज्या पट्ट्यात सामायिक जाळे उभारले, त्या ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यास भारतात २०१६ आणि २०२१ च्या लिलावांत बोली लागली नाही. २०२२ मध्ये तो देशभरासाठी सर्वांत मोठ्या कंपनीने घेतला आणि काही भाग बीएसएनएलसाठी राखला गेला.

खुल्या प्रवेशाची कल्पना येथेही आहे. आभासी सेवादात्यांसाठी २०१६ साली परवाने खुले झाले. पण विद्यमान कंपन्यांना आपली क्षमता विकण्याचे बंधन नसल्याने मोबाइलमध्ये लक्षणीय पर्याय उभा राहिला नाही. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्यासाठी २०११ साली मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली योजना, तसेच महाराष्ट्रातील महानेट, यांची कल्पनाही सर्वांना समान अटींवर क्षमता देण्याचीच होती. तंतू ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत पोहोचला तरी तेथून घरापर्यंत सेवा नेणारा कोण, हा प्रश्न मेक्सिकोप्रमाणेच येथेही मागे उरला. २०२३ साली मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये स्थानिक उद्योजकांवर भर आहे, तो या प्रश्नाची उशिरा का होईना झालेली जाणीव दर्शवितो.

निष्कर्ष

सामायिक जाळे ही चुकीची कल्पना नाही. तिच्याकडून केलेली अपेक्षा चुकीची होती. जाळे खुले करणे ही स्पर्धेची एक अट आहे, स्पर्धा नव्हे. दार उघडताना आत येणारा कोण, तो का येईल आणि आधीपासून आत असलेल्यास कोण आवरणार, याचा विचार झाला नाही तर खुले दारही ओसच राहते. मेक्सिकोत ज्या साधनाने दर उतरविले ते सक्षम नियामकाचे होते. ती स्वायत्त नियामक संस्थाच डिसेंबर २०२४ मधील नव्या घटनादुरुस्तीने बरखास्त केली आणि २०२५ मध्ये तिची जागा सरकारशी अधिक निगडित अशा आयोगाने घेतली. आल्तानचे बहुसंख्य भागभांडवल त्याच सरकारकडे आहे. खेळाडू आणि पंच यांच्यातील अंतर असे कमी होत असताना ग्राहकाचे हित कोण पाहणार, हा प्रश्न मेक्सिकोपुरता मर्यादित नाही. एका मोठ्या दूरसंचार कंपनीत सरकारच मोठे भागधारक असलेल्या भारतालाही तो टाळता येणार नाही. मक्तेदारीविषयक धोरणाची चर्चा मनोरे आणि स्पेक्ट्रम यांच्याबरोबरच नियामकाच्या स्वायत्ततेभोवती होणे, हाच या प्रयोगापासून घ्यावयाचा धडा होय.